सुभेदार रामजी : लेकरासाठी जागणारा बाप

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. १९१३ साली याच दिवशी मुंबईत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. बाबासाहेबांची जयंती आपण थाटामाटात साजरी करतो. माता रमाईची गाणी आपल्या आयाबहिणींना तोंडपाठ आहेत. परंतु ज्या बापाने भीमाला घडविले, त्याचे नाव बहुधा जन्मकथेतील एका ओळीत येते आणि तिथेच संपते. म्हणून आज कुटुंबाच्या या पानावर आम्ही सुभेदारांची आठवण काढीत आहोत.

सुभेदारांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. घराण्यात लष्करी नोकरीची परंपरा. लष्करातच रामजी शिकले, शिक्षक झाले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. ज्या समाजाच्या पोराला गावच्या शाळेची पायरी चढणे मुश्कील, त्या समाजातला माणूस मुख्याध्यापक! शिक्षणाने माणूस काय होतो हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही; ते त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवले होते. पुढे इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा तिच्याविरुद्धच्या अर्जासाठी ते न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले होते, असे चरित्रकार नमूद करतात.

सुभेदार आणि भीमाबाई यांना एकूण चौदा अपत्ये झाली. त्यांतील जगली ती पाचच. चौदावे रत्न भीमराव, जन्म १४ एप्रिल १८९१, महूच्या छावणीत. भीमराव पाच वर्षांचे असतील, तोच आई गेली. मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला. पेन्शन घेतलेले सुभेदार घरी बसले नाहीत. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने तलावाचे काम काढले होते. तिथे ते खजिनदार म्हणून राबले. मुले साताऱ्यात आणि बाप कामावर परगावी, ही गोष्ट आपल्या कष्टकरी वाचकांना नवी नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

सुभेदार कबीरपंथी होते, हे आपण लपविण्याचे कारण नाही. दारू नाही, मांस नाही, पहाटे उठून भजन, घरात कबीराचे दोहे आणि संतांचे अभंग. रोज रात्री झोपण्यापूर्वी मुलांनी रामायण-महाभारत मोठ्याने वाचायचे आणि बहिणींनी व जमलेल्या मंडळींनी ऐकायचे, असा घरचा दंडक होता. बाबासाहेबांनी पुढे बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. त्यांपैकी कबीर तर बापाच्या ओसरीवरच भेटले होते!

मग हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. खोली एकच. त्यातच चूल, जाते, भांडी, सरपण आणि पायाशी बांधलेली शेळी. अशा जागी पोराने अभ्यास कधी करायचा? सुभेदारांनी तोड काढली. भीमाला ते लवकर झोपवीत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागून त्याला उठवीत. मग चिमणीच्या उजेडात पोराचा अभ्यास चाले. इंग्रजीची हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. भीमाला पुस्तक हवे म्हटले की ते लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात. हातात पैसे नसले तर लेकीचा दागिना मागून घेत, सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून आणीत. या शिक्षणाची किंमत घरातल्या इतरांनीही मोजली. दोघांचा खर्च झेपेना, तेव्हा आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली. म्हणून बाबासाहेबांच्या पदव्यांचा अभिमान सांगताना त्या बहिणींचे दागिने आणि त्या भावाची सुटलेली शाळा आपण विसरता कामा नये.

परंतु आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो बापलेकांमधला एक संवाद. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी तो स्वतः सांगितला आहे. शालेय परीक्षेतील यशाबद्दल समाजाने भीमरावांचा सत्कार केला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते वाचून मुलाने बापाला विचारले की, तुम्ही आम्हाला बुद्धाची ओळख का करून दिली नाही? ज्या ग्रंथांत शूद्र-अस्पृश्यांना हीन लेखले आहे, तेच आम्ही का वाचायचे? कडक शिस्तीच्या सुभेदारांनी प्रथम त्याला दटावले. पण काही दिवसांनी मुलाने पुन्हा विचारले, तेव्हा बाप उत्तराची तयारी करून बसला होता. आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड येईल. लहान घरचे द्रोण, कर्ण, वाल्मीकी किती मोठे झाले हे कळून तो जावा म्हणून मी वाचायला लावतो, असे त्यांनी सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही आणि त्याने तसे तोंडावर सांगितले. सुभेदार गप्प राहिले.

ते गप्प राहणे आम्हाला फार मोठे वाटते. त्या काळचा बाप, त्यातून लष्करातला! पुस्तक हिसकावून घेता आले असते, पोराला हाणता आले असते. त्यांनी तसे केले नाही. स्वतःची श्रद्धा सोडली नाही, पण मुलाच्या प्रश्नाची वाटही अडविली नाही. ती वाट पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचली आणि लाखोंना घेऊन पोहोचली.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे जातीचा छळ होईल म्हणून सुभेदारांची नाखुषी होती. पंधरवड्यातच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले, तेव्हा सुभेदारांचा जीव जणू मुलासाठीच थांबला होता. १९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाची कृतज्ञ नोंद केली.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आईबापाची कर्तव्ये सांगितली आहेत: मुलाला वाईटापासून दूर ठेवणे, चांगल्याकडे वळविणे, विद्या-कला शिकविणे, योग्य वेळी वारसा हाती देणे. सुभेदार बौद्ध नव्हते. तरी ही कर्तव्ये त्यांनी निभावली.

आपल्याही घरांत असे बाप होऊन गेले आहेत. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी रेल्वेत, कुणी झाडूखात्यात राबले. कुणाच्या गळ्यात माळ होती, कुणी पंढरीची वारी केली, कुणी दीक्षा घेतली. त्यांची श्रद्धा आजच्या मापाने मोजून त्यांना लहान करू नका. आपल्यासाठी ते किती रात्री जागले, ते मोजा. आणि आपला मुलगा किंवा मुलगी उद्या आपल्यालाच अवघड प्रश्न विचारील, तेव्हा रागावण्याआधी सुभेदारांचे गप्प राहणे आठवा.

सुभेदार रामजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन! जयभीम!