हिंगोलीच्या छावणीतलं पोरकं पोर

हिंगोलीच्या लष्करी छावणीत हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. माणूस प्रतिष्ठित, छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार असे. एकदा त्यानं मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. तो मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालं होतं, पण ते हरिसिंगचं नव्हतं. हिंगोलीपासून जवळच्याच एका गावचा व्यापारी आपला माल घेऊन परतत होता. हरिसिंगनं त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांनाही वाटेत संपवलं, हातातला परवाना दाखवून गठ्ठे छावणीत आणले आणि बाजारात राजरोस विकले. कुणाला संशयही आला नाही. पुढे पकडला गेल्यावर त्यानं स्वतःच हे सांगितलं, तेही फुशारकीनं, एखादी गंमत सांगावी तसं.

ही हकिकत लिहून ठेवणारा फिलिप मेडोज टेलर हरिसिंगशी व्यवहार केलेल्यांपैकीच एक होता. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी एका व्यापारी पेढीवर काम करायला मुंबईला आला. पेढीची अवस्था वाईट निघाली, आणि मग त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. आपण ज्याच्याशी व्यवहार केला तो माणूस, सोबतीचं नाटक करून प्रवाशांचा रुमालानं गळा आवळणाऱ्या ठगांचा म्होरक्या होता, हे कळल्यावर त्याला काय वाटलं असेल, याचा अंदाज त्याच्या लिहिण्यातून येतो. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसं मारली गेली होती. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर त्यांना पुरलं होतं. माफीचे साक्षीदार शांतपणे जागा दाखवत गेले, खड्डे उकरले गेले, आणि एकेका खड्ड्यातून अनेक प्रेतं निघाली. ते पाहायला टेलर स्वतः तिथे उभा होता.

१८३९ साली लंडनमध्ये त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही तीन खंडांची कादंबरी निघाली. हिंगोलीची ही हकिकत तिच्या प्रस्तावनेत आहे. कादंबरीचा नायक अमीर अली ७१९ खून केल्याचं सांगतो, आणि बारा वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, असंही वर ऐकवतो. त्या आकड्यानं इंग्लंडचे वाचक हादरले. आजही या पुस्तकाचं नाव निघालं की रुमाल, गाठ आणि तो आकडा, एवढंच बोललं जातं. अमीर अली मुळात एक पोरकं पोर आहे, हे मात्र मागेच राहतं.

तो पाचेक वर्षांचा असताना त्याचे आईवडील प्रवासात ठगांच्या हाती सापडतात. गणेशा नावाच्या ठगाला पोरगंही मारायचं असतं. टोळीचा प्रमुख इस्माईल ते होऊ देत नाही आणि मुलाला आपल्याबरोबर नेतो. मूल मोठं होतं ते इस्माईललाच बाप मानून, आणि त्याचाच धंदा शिकून. ही नुसती कादंबरीकाराची सोय नव्हती. लहान मुलांना मारायचं नाही, ती पाळायची, हा प्रकार ठगांच्या जबान्यांमध्ये वारंवार येतो. ठगांच्या बंदोबस्तावर असलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यानं १८३६ साली कलकत्त्यात छापलेल्या ‘रामसीयाना’ या ग्रंथात ठगांची सांकेतिक बोली आणि साक्षीदारांशी झालेली लांबलचक प्रश्नोत्तरं आहेत. गोड बोलून प्रवाशांना गळाला लावणारा सोठा, गळा आवळणारा भुरतोट, खड्डे खणणारा लुघा, अशी कामांची वाटणी त्यात कळते. घरातल्या पोराला हे सगळं एकदम दाखवत नसत. पहिल्या फेरीत त्याला घोड्यावर बसायला मिळे, नवे कपडे मिळत, पुढे काय घडतं ते दिसू नये एवढं अंतर राखलं जाई. हळूहळू संशय, मग माहिती, मग सवय. फिरंगिया या गाजलेल्या साक्षीदारानं आपल्या नात्यातल्या चौदा वर्षांच्या कुऱ्होराची गोष्ट सांगितली आहे. त्या पोराच्या नजरेला पहिल्याच फेरीत खून पडले. त्यानं असा धसका घेतला की तो संध्याकाळपर्यंतही जिवंत राहिला नाही. जन्मानं ठगाचं पोर हे! मग परक्याच्या पोराच्या मनात काय चाललं असेल?

अमीर अलीला पुढे आपलं मूळ कळतं. पण तोवर पाठीमागे राहिलेली त्याची बहीण मोठी झालेली असते आणि प्रवासात ती याच्याच हातून मेलेली असते. घराचा शोध संपतो तो असा. आपल्याकडे कर्णाची गोष्ट लहानपणीच ऐकवली जाते, त्यामुळे मराठी वाचकाला हे वळण अनोळखी वाटायला नको. टाकलेलं पोर, परक्या घरची माया, आणि सख्ख्या भावांवर रोखलेला बाण. टेलरनं महाभारत डोळ्यांसमोर ठेवलं होतं असं मी म्हणत नाही. पण कर्णाला निदान युद्धाआधी सत्य कळलं. अमीर अलीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

टेलरच्या पुस्तकाचा प्रकाशक होता रिचर्ड बेंटली. याच बेंटलीच्या मासिकात १८३७ पासून चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ क्रमशः येत होती, आणि १८३८ च्या नोव्हेंबरात ती त्यानंच पुस्तकरूपात काढली. म्हणजे एका प्रकाशकाकडे, काही महिन्यांच्या अंतरानं, अनाथ पोराला गुन्हेगारांची टोळी पोसते अशा दोन कादंबऱ्या निघाल्या. लंडनचा ऑलिव्हर खिसे कापणाऱ्यांच्या तावडीत सापडतो, पण त्याचा स्वभाव बिघडत नाही. आईचं लॉकेट, तिची अंगठी असे पुरावे जुळतात आणि त्याला त्याची माणसं मिळतात. हिंदुस्थानातला अमीर अली टोळीत वाढतो आणि टोळीसारखाच होतो. इंग्रज पोराचं रक्त त्याला तारतं आणि देशी पोराला संगत बुडवते, असा एक अर्थ या जोडीतून निघतो, आणि तो मला पटत नाही. तरीही मुलाच्या घडणीबद्दल मला टेलरचं म्हणणं डिकन्सपेक्षा खरं वाटतं. पाच वर्षांचं पोर ज्याच्या हातून जेवतं, त्याच्यासारखंच वागायला शिकतं.

याच्याही आधी, १८२६ साली, मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या विल्यम ब्राउन हॉकलेनं ‘पांडुरंग हरी’ ही कादंबरी लिहिली होती. तिचा नायक म्हणजे मराठी फौजेच्या गर्दीत, बैलांच्या पायाखाली जाता जाता वाचलेलं बेवारस मूल. एक मराठा सरदार त्याला उचलतो, वाढवतो. पोर लष्करात, बाजारात, लुटारूंत धक्के खात फिरतं आणि अखेर आपल्या जन्माचं कोडं सोडवतं. १८७३ मध्ये या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिला मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांची प्रस्तावना होती. दख्खनच्या पोरक्या पोराची गोष्ट आधी इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिली ती अशी, आणि तीही तिकडच्या मोठ्या माणसांसाठी. आपल्या मुलांची ऐतिहासिक गोष्ट मात्र सहसा गडावर घडते. तिथे मावळे असतात, भुयार असतं, खलिता असतो, आणि पोराला आईवडील असतात, नाहीतर ते धारातीर्थी पडलेले असतात. ज्याला आपलं आडनाव ठाऊक नाही, त्याला त्या गडावर कुणी घेत नाही.

हिंगोलीच्या मातीतून मात्र मुलांच्या कादंबरीसाठी असं पोर घडवता येतं. काळ तयारच आहे. १८१७-१८ च्या धामधुमीत पेंढारी उधळले गेले, पेशवाई बुडाली. जानेवारी १८१९ मध्ये निजामाच्या फौजेनं हटकर नाईकांची नोव्हाची गढी वेढा घालून घेतली आणि आतली बहुतेक शिबंदी मारली गेली. वाटा असुरक्षित होत्या. माणसं तांड्यानं, जत्रेच्या निमित्तानं, ओळखीच्या सोबतीनं निघत. ठगांना हवं होतं ते हेच. सोबत मिळाली म्हणून हायसं वाटायचं, आणि तीच सोबत घात करायची.

अशा कादंबरीतल्या मुलाला काय आठवेल, हा मला सगळ्यात रंजक प्रश्न वाटतो. पाच वर्षांच्या पोराला गावाचं नाव क्वचितच सांगता येतं. त्याच्यासाठी ते नुसतं ‘गाव’ असतं. बापाचं नाव ‘बाबा’. लॉकेट आपल्याकडच्या कुणब्याच्या पोराकडे कुठून असणार? त्याच्याकडे असेल आईच्या हातावरचं गोंदण, ते विंचू होतं की तुळस एवढंच आठवणारं. असेल जात्यावरच्या ओवीतली एखादी चाल. असेल नदी: कयाधू, पूर्णा की पैनगंगा, हे त्याला ठाऊक नाही, पण पाणी कुठल्या बाजूला वाहत होतं आणि पलीकडे देवळाचं शिखर दिसायचं, एवढं पक्कं. जावळ कुठल्या देवापुढे काढलं, हे कुणी बोललेलं कानावर असेल. एवढ्या खुणांवर शोध सुरू करायचा, तर वाटही इथलीच हवी. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य लादलेले बैल घेऊन मुलूख पालथा घालत. त्यांना नद्या आणि शिखरं पाठ. औंढ्या नागनाथाला महाशिवरात्रीची जत्रा, नर्सीला नामदेवाची, आणि वर्षातून एकदा पंढरपूर. हरवलेलं माणूस सापडण्याची त्या काळातली ही खरी ठिकाणं होती. तीर्थोपाध्यांच्या वह्यांमध्ये तर घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात. नाशकाच्या घाटावर वही उघडून बसलेले उपाध्ये आणि समोर गावाचं नाव न सांगता येणारं पोर, या प्रसंगासाठी एक अख्खं प्रकरण मी आनंदानं वाचीन.

नर्सीचं नाव आलंच आहे तर जनाबाईचंही घ्यायला हवं. परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव हिंगोलीजवळचं नर्सी, आणि जनी गोदाकाठच्या गंगाखेडची. आई गेली, बाप दमा तिला पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी ठेवून गेला, आणि ती तिथेच वाढली. ती घरातली होती आणि दासीही होती. अनाथाला घर मिळतं तेव्हा त्या घरात त्याची जागा कोणती, हा प्रश्न तिच्या आयुष्यात जितका उघड आहे तितका कुठल्याच कादंबरीत नाही. जनीनं त्यावर स्वतःचा मार्ग काढला. तिनं विठोबालाच आई केलं आणि दळायला, कांडायला, वेणीफणीला त्यालाच बोलावलं. आपल्या गोष्टीतलं पोर वारीत शिरलं तर ही गोष्ट त्याच्या कानावर पडणारच. त्याला त्यात दिलासा मिळेल की राग येईल, हे लेखकानं ठरवावं. मला राग जास्त खरा वाटतो, निदान आधी.

एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. ठगांबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतांशी कंपनी सरकारच्या कागदांतून, आणि ते कागद फाशीच्या भीतीनं बोलणाऱ्या साक्षीदारांच्या तोंडून भरले गेले. १८३६ च्या कायद्यानं नुसतं टोळीत असल्याचं सिद्ध झालं तरी जन्मठेप होती. किम वॅग्नरसारख्या अलीकडच्या इतिहासकारांनी या दफ्तराची बारकाईनं झडती घेतली आहे. वाटमारी आणि खून खरे होते, पण कालीच्या नावानं चालणारा देशभरचा गुप्त पंथ हे चित्र बरंचसं इंग्रजांनी रंगवलं, असं त्यातून दिसतं. या चित्राचा पुढचा परिणाम आणखी वाईट झाला. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि त्यांच्या पोरांना पाळण्यातच शिक्का बसला. म्हणून मुलांसाठी लिहिताना देवीपुढचा गूळ आणि कुदळीची पूजा या ठगांच्या विधींत फार रमू नये. जबलपूरला साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी काढलेल्या कारखान्यात तंबू आणि गालिचे विणले जात. तिथे मागावर बसलेल्या पोरांत कुणी पाळलेलं पोर असेल, तर त्यालाही ‘ठगाचा मुलगा’ म्हणूनच ओळखत असणार. कथानकाला हे वळण रुमालापेक्षा जास्त कामाचं आहे.

आता शेवट. पोराला गाव सापडलं, असं धरू. पाणी त्याच बाजूला वाहतं, शिखरही तेच. इंग्रजी कादंबरीत इथे मिठी आणि अश्रू येतील. मराठी गावात आधी येईल भाऊबंदकी! बाप मेला असं समजून चुलत्यानं शेत कसायला घेतलेलं असणार, पाटीलकी असली तर तिचा मानपान आता त्याच्या घरात. दहा-बारा वर्षांनी एक पोरगा येतो आणि म्हणतो, मी तुझा पुतण्या. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंच्या तोतयानं पेशवाईला केवढा घोर लावला होता आणि १७७६ मध्ये त्याला मारेपर्यंत किती जण त्याला खरा मानत होते, हे साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. तेव्हा चुलता पहिला शब्द काढील तो ‘तोतया’. मग गोत जमेल, पंच बसतील. साक्षीला म्हातारी सुईण येईल, देवळाचा गुरव येईल, सोनार येईल. पोराला विचारलं जाईल: तुमच्या वाड्यात जातं कुठल्या कोपऱ्यात होतं? गाईचं नाव काय? आजीचा कुठला डोळा अधू होता? एवढी वर्षं कुठे होतास, हा प्रश्नही येणारच, आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर आजीच्या डोळ्याचं कितीही बरोबर सांगितलेलं वाया जाईल. खोटं बोलून शेत मिळवायचं, की ज्यानं बाप मारला आणि ज्यानं पोसलं त्या एकाच माणसाचं नाव पंचांपुढे घ्यायचं, हे त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तिथेच, चुलत्याच्या देखत ठरवावं लागेल.