रस्त्यावरचे चोपदार

निगडीतून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. रस्ता मोठा, वाहने भरधाव. शाळेची वेळ झाली की पोरं कडेला खोळंबतात. आमच्या शाळेचे एक शिपाईमामा तिथे उभे राहत. हातात लाल निशाण, तोंडात शिटी. मामांनी हात वर केला की ट्रकसुद्धा थांबे. मग लहानग्यांना बोटाला धरून ते पलीकडे नेत. पुष्कळ वर्षे त्यांनी हे काम केले.

आता मामा नाहीत. शाळेत देणगीदारांचे फोटो आहेत. आमचाही आहे. मामांचा एकही नाही. ही चूक आमचीच. आपल्याकडे साध्या माणसाचा फोटो भिंतीवर लागतो, तो माणूस गेल्यावर. हार घालायला! तो हयात असतानाच का लावू नये?

मुंबईत सुधारक ओलवे नावाचे छायाचित्रकार आहेत. शहराची घाण उपसणाऱ्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी काढले. ज्यांच्याकडे कोणी बघत नसे, त्यांचे कष्ट लोकांना दिसले. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली.

तुमच्या गावातही असे कोणी मामा किंवा मावशी असतील. त्यांचा फोटो काढा. आधी त्यांना विचारा. नुसता चेहरा नको, त्यांचे काम दिसू द्या. थोडी कल्पनाही लढवा. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि निगडीवरून आकुर्डीला मुक्कामाला जाते. वारीत चोपदाराचा मान मोठा. आरतीच्या वेळी चोपदाराने दंड वर केला की सारे वारकरी गप्प होतात. मुलांना रस्ता पार करून देणारे मामाही चोपदारच नाहीत का? मग त्यांना तसेच ऐटीत उभे करा. एक हात वर, हातात निशाण.

पण वाहत्या रस्त्यावर हा खेळ नको. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात चुन्याचे पट्टे ओढा. मागे सायकली, बैलगाडी, ट्रॅक्टर थांबवा. पुढून दप्तरवाली पोरं जाऊ द्या. सकाळचे कोवळे ऊन मामांच्या तोंडावर पडू द्या. फोटो काढणाऱ्याने खाली बसावे, म्हणजे माणूस उंच दिसतो. मोबाईलवरही असा फोटो छान निघतो. मात्र थट्टा होईल असा वेश त्यांना देऊ नका.

फोटो मोठा करून शाळेच्या दाराशी लावा. खाली त्यांचे पूर्ण नाव लिहा. ते तुम्हीच लिहा. आता लिहिता येते ना?