शब्दापाशी थांबणारा कायदा

शब्दाला चिकटणारा कायदा कठोरच असणार, असा सर्वसाधारण समज आहे. जाहिरी पंथ त्याला अपवाद आहे, असे मला वाटते. 'जाहिर' म्हणजे उघड अर्थ. आपला 'जाहीर' हा शब्द त्यातलाच. या पंथाचे प्रवर्तक बगदादचे दाऊद इब्न अली (मृत्यू इ. स. 884), पुढे कोर्डोव्हाच्या इब्न हज्म (994–1064) यांनी त्याची समर्थ मांडणी केली.

एक उदाहरण पाहू. सोने, चांदी, गहू, जव, खजूर व मीठ यांची सजातीय अदलाबदल करताना जास्त घेऊ नये, असे पैगंबरांचे वचन आहे. हनफी, शाफिई आदी पंथांनी 'कियास' म्हणजे सादृश्याच्या आधारे ही मनाई तांदळालाही लावली. जाहिरी मात्र सहा वस्तूंपाशीच थांबले. ईश्वराने जे निषिद्ध केले नाही, ते निषिद्ध ठरविणारे आपण कोण? या प्रश्नात मला कर्मठपणा दिसत नाही. पंडितांच्या अधिकाराला घातलेला बांध दिसतो.