कंठ आणि शैली : ‘कॅटाटोनिया’ या स्वीडिश संचाची वाटचाल

एखाद्या कलावंताच्या शैलीत पालट झाला म्हणजे त्याचे कारण सामान्यतः त्याच्या अभिरुचीत, संस्कारांत किंवा बाजाराच्या मागणीत शोधले जाते. संगीताच्या बाबतीत आणखी एका कारणाची दखल घ्यावी लागते, ते म्हणजे शरीर. वादकाचा हात आणि गायकाचा गळा ही त्याची साधने होत. साधनात उणेपणा आला की रचनेलाही वळण घ्यावे लागते. स्टॉकहोम येथील ‘कॅटाटोनिया’ या गायक-वादकांच्या संचाचा, म्हणजे रूढ शब्दांत बँडचा, इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. १९९१ मध्ये स्थापन झालेला हा संच आरंभी डूम मेटल आणि डेथ मेटल यांच्या सीमेवर वावरत होता. पुढे तो गॉथिक मेटलच्या प्रमुख प्रतिनिधींत गणला गेला आणि अलीकडे त्याला प्रोग्रेसिव्ह असेही विशेषण लावले जाते. या प्रवासाला त्याचे काही श्रोते परिपक्वता म्हणतात, तर काही मूळ बाण्याचा त्याग म्हणतात. हा पालट सर्वस्वी स्वेच्छेने झाला असावा, हे मात्र दोन्ही पक्ष गृहीत धरतात. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. ‘गॉथिक’ हा शब्द युरोपीय वास्तुकलेतून कादंबरीत आणि कादंबरीतून १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रॉक संगीतात आला. मेटल संगीताशी त्याची गाठ पडली ती मुख्यत्वे उत्तर इंग्लंडमधील ‘पॅराडाइझ लॉस्ट’ या संचामुळे. त्यांच्या १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेचे नावच ‘गॉथिक’ असे होते. विलंबित लय, जड गिटारी आणि पुरुषाचा गुरगुराटी आवाज यांच्या जोडीला स्त्रीस्वर व वाद्यमेळ असा तो मेळ होता. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये डेथ मेटलची एक स्वतंत्र परंपरा जोम धरीत होती. टोमास स्कुग्सबर्ग यांचे ‘सनलाइट’ ध्वनिमुद्रणगृह हे तिचे केंद्र, आणि ‘एन्टूम्ड’ या संचाची १९९० ची पहिली ध्वनिमुद्रिका हा तिचा मानदंड. करवतीसारखा खरखरणारा गिटारचा स्वर ही या परंपरेची खूण होय. कॅटाटोनियाने आपल्याच शहरातील या वेगवान परंपरेपेक्षा इंग्लंडमधील संथ परंपरा अधिक जवळ केली, ही त्याच्या संदर्भातील पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट.

संचाचे संस्थापक दोघे : योनास रेंक्से आणि आंडेर्स न्यूस्त्रम. दोघांचाही जन्म १९७५ चा, म्हणजे स्थापनेच्या वेळी ते सोळा वर्षांचे होते. रेंक्से गात असे आणि ड्रम्सही वाजवीत असे; न्यूस्त्रम गिटार वाजवी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दोघांनीही टोपणनावे घेतली होती. संचाचे नाव मनोविकारशास्त्रातून उचललेले आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल काल्बाउम याने १८७४ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले, त्यात रुग्ण जागच्या जागी थिजून जातो. पुढे या संचाच्या संगीतात जे एक गोठलेपण आढळते, ते पाहता हे नाव अन्वर्थक ठरले असे म्हणावयास हरकत नाही.

१९९३ ची पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका ‘डान्स ऑफ डिसेंबर सोल्स’ डॅन स्वानो याच्या देखरेखीखाली मुद्रित झाली. तीत दहा मिनिटांहून दीर्घ रचना आहेत, की-बोर्डचे धुके आहे आणि त्यावर रेंक्सेचा आवाज आहे. हा आवाज डेथ मेटलमधील मंद्र गुरगुराट नव्हे. तो उंच पट्टीतला, फाटलेला आक्रोश आहे. किशोरवयीन मुलाने कोणत्याही शिक्षणावाचून तो काढलेला आहे. त्यातील आर्तता अस्सल वाटते, पण असा आवाज फार काळ टिकणारा नव्हे, हेही ऐकणाऱ्यास जाणवते. झालेही तसेच. १९९५ मध्ये एक छोटी ध्वनिमुद्रिका निघाली. या सुमारास संच काही काळ विसर्जित झाला होता, आणि तो पुन्हा उभा राहिला तेव्हा रेंक्सेचा गळा त्या प्रकारच्या गायनाला साथ देईनासा झाला होता.

१९९६ च्या ‘ब्रेव्ह मर्डर डे’ या ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व येथे आहे. रेंक्सेने ड्रम्स सांभाळले, फ्रेड्रिक नॉर्मन हा दुसरा गिटारवादक आला, आणि गुरगुराटी गायनासाठी ‘ओपेथ’ या स्टॉकहोमच्याच संचाचा मिकाएल ऑकरफेल्ट याला पाचारण करण्यात आले. ध्वनिमुद्रिकेचे नाव तिच्यातील पहिल्या तीन गीतांच्या शीर्षकांची नुसती जुळणी आहे. रचना विलक्षण काटकसरीच्या आहेत. एक गिटार थोडेच स्वरसमूह एकसारखे घोटत राहते, दुसरे त्यावर दोनचार स्वरांची एक करुण रेषा धरून ठेवते. ड्रम्सचे काम केवळ काळ मोजण्याचे. ऐकता ऐकता श्रोत्याचे कालभान शिथिल होते. ऑकरफेल्टचा आवाज येथे वक्त्यासारखा नसून तिसऱ्या वाद्यासारखा वापरला गेला आहे. तिसऱ्या गीतात मात्र हा आवाज नाही. ‘डे’ या शांत गीतात रेंक्से साध्या, काहीशा बुजऱ्या स्वरात गातो. पुढील सारा इतिहास या एका गीतात बीजरूपाने आहे.

१९९८ ची ‘डिसकरेज्ड वन्स’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि त्या बीजाचे झाड झाले. आता सर्व गीते रेंक्सेच्या साध्या आवाजात होती. हे मुद्रण झाले ते सनलाइटमध्येच, म्हणजे स्वीडिश डेथ मेटलच्या माहेरघरी. आणि गायनाच्या कामी साहाय्यास होता तो गुरगुराटात निष्णात असलेला ऑकरफेल्टच. आवाज अरुंद आहे, पट्टी फारशी बदलत नाही आणि काही ठिकाणी स्वर डळमळतो. तथापि महत्त्वाचा मुद्दा आवाजाच्या गुणवत्तेचा नसून त्याच्यामुळे रचनेत घडलेल्या फेरफाराचा आहे.

गुरगुराटी गायनाला निश्चित स्वरस्थान नसते. त्यात शब्द असतात, लय असते, आघात असतो, स्वरावली नसते. साहजिकच असे गायन असलेल्या रचनेत चाल वाहण्याचे काम गिटारकडे येते, आणि गिटारला श्वास घ्यावा लागत नसल्याने ती चाल पाच मिनिटे, दहा मिनिटे अखंड चालू शकते. ‘ब्रेव्ह मर्डर डे’मधील लांबी ही अशा रीतीने आली आहे. गायकाने स्वर लावला की चालीचे स्वामित्व कंठाकडे जाते. मग गिटारला माघार घ्यावी लागते, तिने गायकाला आधार आणि अवकाश द्यावयाचा असतो. कंठाला श्वास लागतो, म्हणून ओळी तुटतात. ओळी तुटल्या की कडवे तयार होते, आणि कडव्यामागोमाग ध्रुपद येतेच. दहा मिनिटांची रचना चार-पाच मिनिटांवर आली ती या ओघाने. ‘सुटसुटीत गीतांचा मोह’ असे जे वर्णन जुने श्रोते करतात, त्याच्या मुळाशी ही यांत्रिक म्हणावी अशी अपरिहार्यता आहे. आणखी एक गोष्ट. रेंक्से हा मुळात ड्रमवादक. त्याच्या गायनात शब्द ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतात. दुःख बोलून दाखविण्याऐवजी ते अडखळत सुचविण्याची जी रीत पुढे या संचाची ओळख बनली, तिचा उगम या रेंगाळण्यात शोधता येईल.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. गळा थकला हे खरे. पण ऑकरफेल्टप्रमाणे दुसरा गायक कायमचा नेमता आला असता. शिवाय गुरगुराट सोडणारा हा एकटाच संच नव्हता. स्टॉकहोमच्याच ‘टियामॅट’ने १९९४ च्या ‘वाइल्डहनी’पासून तो मार्ग धरला होता, आणि खुद्द पॅराडाइझ लॉस्टने १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक वळण घेतले होते. आक्षेप रास्त आहे. काळाचा ओघ त्या दिशेचा होताच, आणि कॅटाटोनियाच्या मंडळींचे कानही मेटलपलीकडे गेलेले होते. १९९९ च्या ‘टुनाइट्स डिसिजन’मध्ये त्यांनी अमेरिकन गायक जेफ बक्ली याचे एक गीत गायिले आहे, २००१ च्या ध्वनिमुद्रिकेला त्यांनी ‘लास्ट फेअर डील गॉन डाउन’ हे रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६ मधील ब्लूज गीताचे नाव दिले. म्हणून गळ्याचा उणेपणा हे या पालटाचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. पालट केव्हा झाला आणि त्याला कोणता आकार आला, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र गळ्याकडेच जातात. जुन्या प्रकाराची आवड संपली नव्हती, याला पुरावा आहे. रेंक्से, न्यूस्त्रम, ऑकरफेल्ट आणि स्वानो यांनी ‘ब्लडबाथ’ हा निखळ डेथ मेटलचा स्वतंत्र संच काढला आणि २००० मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तेथे रेंक्सेच्या हाती बास गिटार होते; गुरगुराट ऑकरफेल्टकडे.

‘टुनाइट्स डिसिजन’ प्रसिद्ध केली ती ‘पीसव्हिल’ या इंग्रजी संस्थेने. ज्या संस्थेने ‘गॉथिक’ प्रकाशित केली होती, तिच्याच छत्राखाली हे अनुयायी आले. तीत ड्रम्स वाजविले स्वानो याने. पुढे दानिएल लिल्येक्विस्ट आल्यावर ती जागा स्थिर झाली व रेंक्से केवळ गायक उरला. २००३ ची ‘व्हिवा एम्प्टिनेस’ रागीट आहे, पण विस्कळीत. २००६ ची ‘द ग्रेट कोल्ड डिस्टन्स’ ही या मधल्या कालखंडातील सर्वांत बांधीव कृती मानावी लागेल. तीत गिटारचे आघात तुटक झाले, मधली शांतता वाढली, आणि त्या शांततेत रेंक्सेचा आता पक्व झालेला आवाज सहज वावरू लागला. २००९ मध्ये फ्रेड्रिक व मातियास हे नॉर्मन बंधू बाहेर पडले.

२०१२ ची ‘डेड एन्ड किंग्ज’ आणि तिच्यावर केलेला २०१३ चा प्रयोग यांची तुलना अभ्यासकाने अवश्य करावी. ‘डीथ्रोन्ड अँड अनक्राउन्ड’ या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत तीच गीते ड्रम्स व जड गिटारी काढून टाकून सादर केली आहेत. गायनाची रेषा कायम आहे. मेटल संगीतातून मेटल वजा केले तर काय उरते, याचे इतके सरळ उत्तर क्वचितच मिळते. गीते कोसळत नाहीत. काही तर अधिक उठून दिसतात. असाच प्रयोग ‘ब्रेव्ह मर्डर डे’वर करून पाहिला, तर हाती जवळजवळ काहीच राहणार नाही, कारण तेथे चाल गिटारमध्येच आहे.

२०१७ च्या अखेरीस संचाने काही काळ विश्रांती घेतली. त्यानंतरच्या ‘सिटी बरियल्स’मधील (२०२०) बहुतेक रचना रेंक्सेच्या आहेत आणि ‘स्काय व्हॉइड ऑफ स्टार्स’ (२०२३) ही त्याचीच निर्मिती आहे. गायक हाच रचनाकार झाला. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूस्त्रम संचातून बाहेर पडल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याच्यावाचूनची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. १९९१ च्या दोघांपैकी आता एकटा रेंक्से उरला आहे; ज्याचा आवाज १९९६ मध्ये संचाला परक्याकडून उसना घ्यावा लागला होता, तो.