सपाट रेघांचा तास

ओपन हार्ट शस्त्रक्रियेत एक वेळ अशी येते, की भूलतज्ज्ञासमोरच्या पडद्यावर ईसीजीची रेघ सपाट होते. रक्तदाबाची लाट नाहीशी होते. बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर बहुधा आकडाच दाखवेनासं होतं, कारण मोजायला त्याला नाडी लागते. व्हेंटिलेटरही थांबवलेला असतो. एरवी यातलं एक जरी घडलं, तरी सगळे धावत येतील. इथे सगळं एकदम घडतं आणि ते ठरल्याप्रमाणेच असतं. हृदय थांबलंय, फुप्फुसं थांबलीत, आणि माणूस जिवंत आहे! मग तो ठीक आहे, हे ओळखायचं कशावरून?

त्याची तयारी भूल देण्याआधीच सुरू होते. मनगट बधिर करून तिथल्या धमनीत बारीक नळी घालतात. तिला थिएटरात ‘आर्ट लाइन’ म्हणतात. 1733 साली स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला उभी काचनळी जोडल्याचं लिहून ठेवलं. त्यात रक्त 8 फुटांहून वर चढलं होतं. तीच कल्पना आज पडद्यावर प्रत्येक ठोक्याची लाट काढते. ही लाट नीट पाहावी अशी आहे. आधी सरळ चढ, मग टोक, आणि उतरताना मधेच एक छोटी खाच. महाधमनीची झडप मिटली, की नळ झटकन बंद केल्यावर पाइपाला बसतो तसा हिसका रक्ताला बसतो आणि त्याच सुमारास ही खाच उमटते. छातीतल्या झडपेची मिट मनगटात दिसते, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

भूल चढली की अन्ननलिकेत इकोची नळी सोडतात. डावी कर्णिका अन्ननलिकेला अगदी खेटून असते, त्यामुळे छातीवरून धूसर दिसणाऱ्या झडपा इथून स्पष्ट दिसतात. भूलही बेताने द्यावी लागते. औषध जास्त झालं, तर कमजोर हृदय दाब टिकवू शकत नाही. कमी पडलं, तर दाब उसळतो आणि हृदयावर ताण येतो.

मग हेपॅरिन. हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राच्या, म्हणजेच ‘पंपा’च्या नळ्यांतून रक्त फिरणार, तर ते गोठता कामा नये. एरवी साधारण दोन मिनिटांत गोठणाऱ्या रक्ताला चाचणीत 480 सेकंद लागले, की बहुतेक ठिकाणी पंप सुरू करायला हिरवा कंदील मिळतो. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी असंच यंत्र वापरून एका तरुणीच्या हृदयातलं छिद्र यशस्वीपणे बंद केलं. तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं सगळं काम 26 मिनिटं यंत्राने केलं.

पंप चालू झाला, महाधमनीला चिमटा लागला आणि पोटॅशियमचं द्रावण हृदयाला मिळालं, की ते शिथिल होऊन थांबतं. आता लाट नाही, पण दाब आहे. साधारण 50 ते 80 मिलिमीटरच्या दरम्यान एक संथ आकडा. पंप चालवणारा परफ्यूजनिस्ट रक्ताचा प्रवाह सांभाळतो आणि भूलतज्ज्ञ बाकीच्या खुणा जुळवत राहतो. शरीरातून परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय, लघवी होते का, तापमान किती, कपाळावरच्या पट्ट्या मेंदूतल्या ऑक्सिजनबद्दल काय सांगतात. एकट्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, त्याला दुसऱ्याची साक्ष हवी. या विद्येचं सारं कसब मला यातच दिसतं.

त्याचा कस लागतो तो हृदय पुन्हा चालू होताना. चिमटा काढला, की कोमट रक्त पोटॅशियम धुऊन नेतं. हृदय कधी आपोआप धडधडू लागतं, कधी नुसतं थरथरतं आणि मग त्याला थेट हलका शॉक द्यावा लागतो. इकोवर हवेचे बुडबुडे पांढऱ्या ठिपक्यांसारखे फिरताना दिसतात. उताण्या झोपलेल्या माणसात उजव्या हृदय-धमनीचं तोंड वरच्या बाजूला असतं, म्हणून हवा तिथेच आधी शिरते. अशा वेळी उजवा कप्पा अचानक ढेपाळला, तर अनुभवी भूलतज्ज्ञ दाब वाढवून थोडं थांबतो. हवा पुढे सरकते आणि कप्पा सावरतो.

कधी मनगटातला दाब फारच कमी दिसतो. औषध वाढवण्याआधी भूलतज्ज्ञ सर्जनला विचारतो, “महाधमनी हाताला कशी लागते?” कारण पंपावरून उतरल्यावर काही वेळ मनगटातला दाब महाधमनीतल्या दाबापेक्षा बराच कमी असू शकतो. इतकी यंत्रं हाताशी असताना तिथे बोटाची साक्ष काढली जाते, आणि ती मानलीही जाते.

शेवटी हेपॅरिनचा परिणाम उतरवायला प्रोटामिन देतात, तेही हळूहळू, कारण त्याने दाब कोसळू शकतो. हे औषध मूळचं माशांच्या शुक्रपेशींतून मिळतं, आणि दुधाळ दिसणाऱ्या एनपीएच इन्सुलिनमध्येही ते असतं. म्हणून तुमच्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटायला येतील तेव्हा न विसरता सांगा: कुठलं इन्सुलिन चालू आहे, माशांची अ‍ॅलर्जी आहे का, घास गिळताना अडकतो का, दात हलतो का, रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली. त्यांनी विचारलं नाही, तरी सांगा.