लांबच्या रस्त्याने लवकर

ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. आधी ते पश्चिमेला निघून अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. नव्या मार्गाने ते पूर्वेला पॅसिफिकवरून गेलं आणि १५,३०० किलोमीटर उडालं. चांगला १,४०० किलोमीटरचा वळसा. तरी साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी!

भागाकार करून पाहा : ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. वरचे दीडशे वाऱ्याचे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. सीटसमोरच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’ असा आकडा असतो, त्यात हे वारे उघड दिसतात : अमेरिकेकडून युरोपकडे येताना हजाराच्या वर, परत जाताना कधी आठशेच्याही खाली. पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेला लवकर पोचायला हवं, असं काहींना वाटतं. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते, त्यामुळे तो फायदा मिळत नाही.

बरं, या दोन शहरांमधलं सगळ्यात जवळचं अंतर किती? गोलावर दोरी ताणून धरली तर सुमारे १२,४०० किलोमीटर. ही दोरी हिमालय, तिबेट, सायबेरिया ओलांडून थेट उत्तर ध्रुववृत्ताच्या आत शिरते आणि अलास्कावरून खाली उतरते. सपाट नकाशावर हे पटतच नाही. जून २०२३मध्ये याच मार्गावरच्या विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदानला उतरलं, तेव्हा ‘तिथे काय करत होतं?’ असं अनेकांना वाटलं असेल. ते आपल्या वाटेवरच होतं.

मग विमानं सरळ दोरीवरून का जात नाहीत? तिबेटचं पठार सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला तातडीने सुमारे तीन किलोमीटर उंचीवर यावं लागतं, आणि तिथे खाली जमीनच वर आलेली. म्हणून शक्यतो ते टाळतात. ध्रुवाजवळ इंधनाच्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो, कारण उणे ४७ अंशांच्या आसपास ते गोठू लागतं.

आणि राजकारण. माझ्या मते आज ते वाऱ्याइतकंच वेळ ठरवतं. युक्रेन युद्धानंतर अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, एअर इंडियाला खुलं राहिलं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना वाट बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे निघालेल्यांना आधी गुजरातकडे उतरून अरबी समुद्रावरून फिरून जावं लागलं. नकाशावरचं अंतर तेच, तिकिटावरचे तास वाढलेले.

मुलांकडे कॅलिफोर्नियाला निघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : तिकिटावरची वेळ त्या-त्या ठिकाणची असते. आपल्या आणि तिथल्या घड्याळात हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तो साडेबाराच असतो. घ्यायला येणाऱ्यांना तिथलीच वेळ कळवा.