न्हावा शेव्याचा भागाकार

न्हावा शेव्याच्या धक्क्यावर परदेशी सफरचंदांचा एक कंटेनर उतरतो. कागदपत्रे तपासली जातात, सीमाशुल्काचा भरणा होतो आणि फळे वाशीच्या घाऊक बाजाराकडे रवाना होतात. ग्राहकाला या साऱ्या व्यवहारात फळाची किंमत तेवढी दिसते. परंतु त्या शुल्काच्या रुपयावर हक्क सांगणारे किती जण आहेत, तो कोणत्या तिजोरीत जातो, कोणाच्या संमतीने तेथून बाहेर पडतो आणि ज्या गावांच्या जमिनीवर ते बंदर उभे आहे त्या गावांपर्यंत त्यातील काही पोहोचते की नाही, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. अंदाजपत्रकाच्या दिवसांत काय स्वस्त झाले आणि काय महागले, याची चर्चा घरोघर होते. आज आम्हांस वाचकांचे लक्ष त्या चर्चेपलीकडे, वाटणीच्या प्रश्नाकडे वेधावयाचे आहे.

हा रुपया प्रथम दिल्लीस जातो. मोठी बंदरे आणि आयात शुल्क हे दोन्ही विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत घातले आहेत. भारताच्या एकत्रित निधीत तो एकदा जमा झाला, की कायद्यावाचून त्यातील एक पैही बाहेर काढता येत नाही. अनुदानाच्या मागण्या मंजूर करण्याचा अधिकार एकट्या लोकसभेचा आहे. राज्यसभेला धन विधेयक चौदा दिवसांत परत करावे लागते आणि तिच्या शिफारशी मानणे लोकसभेवर बंधनकारक नाही. १९९३ पासून खातेवार स्थायी समित्या या मागण्यांची छाननी करीत आल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र सभागृहात मोजक्याच खात्यांवर चर्चा होते आणि ठरलेला दिवस उजाडला, की उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. या पद्धतीला संसदीय भाषेत 'गिलोटिन' म्हणतात. ज्या यंत्राने फ्रान्सच्या राजाचे शिर उडविले त्याचेच नाव लोकप्रतिनिधींनी चर्चेचे शिर उडविण्याच्या रीतीला द्यावे, हा विनोद कटू असला तरी यथार्थ आहे.

केंद्राने गोळा केलेल्या करांतील राज्यांचा वाटा ठरविण्यासाठी घटनेने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची योजना केली आहे. पहिला आयोग १९५१ साली क्षितीशचंद्र नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. ते याच जिल्ह्याचे, म्हणजे त्या वेळच्या कुलाब्याचे आणि आजच्या रायगडचे सुपुत्र. पुढे १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. आरंभी प्रामुख्याने प्राप्तिकर आणि उत्पादनशुल्क यांचीच राज्यांशी वाटणी होत असे. २००० साली झालेल्या घटनादुरुस्तीने केंद्राचे बहुतेक सर्व कर, सीमाशुल्कासह, वाटणीच्या राशीत आले. चौदाव्या आयोगाने त्या राशीतील ४२ टक्के, तर पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ४१ टक्के भाग राज्यांना द्यावा, असे सांगितले. राज्यांच्या या भागात महाराष्ट्राचा हिस्सा पंधराव्या आयोगाने ६.३१७ टक्के ठरविला होता.

अध्यापनाच्या दिवसांत आम्ही वर्गात भागाकार शिकवीत असू, तेव्हा मुलांचा सारा गोंधळ भाजकापाशी होत असे. भाज्य फळ्यावर लिहिलेलेच असे. त्याविषयी कोणाच्या मनात शंका नसे. देशाच्या हिशेबात मात्र उलटा प्रकार झाला आहे. वाटणीचे प्रमाण सर्वांना पाठ आहे. ज्याची वाटणी करावयाची ती रक्कमच गणित सुरू होण्यापूर्वी कमी होते आणि तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

वर उल्लेखिलेले सफरचंदच याचे उदाहरण म्हणून घेऊ. २०२१ च्या अंदाजपत्रकात परदेशी सफरचंदांवरील मूळ आयात शुल्क ५० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणले गेले आणि त्याच वेळी त्यांवर कृषी पायाभूत सुविधांसाठी ३५ टक्क्यांचा उपकर बसविण्यात आला. बेरीज पूर्वीइतकीच राहिली. आयातदाराला फरक पडला नाही, ग्राहकालाही पडला नाही. फरक पडला तो वाटणीत. मूळ शुल्क राज्यांशी वाटून घ्यावे लागते. उपकर आणि अधिभार घटनेनेच वाटणीबाहेर ठेवले आहेत. म्हणजे पन्नास रुपयांचे भाज्य पंधरा रुपयांवर आले आणि ४१ टक्क्यांचे प्रमाण कागदावर जसेच्या तसे राहिले. यात बेकायदा असे काहीच नाही. राष्ट्रीय गरजांसाठी काही पैसा केंद्राच्या हाती मोकळा असावा, या म्हणण्यातही तथ्य आहे. संकटकाळी सारा देश केंद्राच्याच तोंडाकडे पाहतो. पण जी योजना अपवादासाठी होती तिची वहिवाट पडू लागली, म्हणजे वित्त आयोगाचे गणित कितीही काटेकोर असले तरी उत्तर फसवेच येणार.

दुसरी वाटाघाट वस्तू व सेवा कर परिषदेत होते. १ जुलै २०१७ पासून हा कर अमलात आला आणि त्यासाठी केंद्राने व राज्यांनी आपापल्या अधिकाराचा काही भाग परिषदेच्या स्वाधीन केला. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांच्या मतांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. केंद्राला एकट्याने काही करता येत नाही आणि केंद्राच्या संमतीवाचून राज्यांनाही काही करता येत नाही. दोघांनी एकमेकांचे ऐकून घ्यावे यासाठीच ही रचना आहे आणि बराच काळ तिने आपले काम चोख केले. परिषदेत प्रत्यक्ष मतदानाचा पहिला प्रसंग आला तो डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरील कराच्या प्रश्नावर.

पण खरी कसोटी लागली ती २०२० साली. राज्यांच्या उत्पन्नात दरसाल १४ टक्के वाढ धरून पाच वर्षे तूट भरून देण्याचे कायद्याने मान्य झाले होते. महामारीत वसुली आटली आणि ती भरपाई कोणी, कोठून द्यावी, यावर केंद्र व राज्ये यांच्यात उघड तंटा जुंपला. अखेर केंद्राने राज्यांसाठी त्या वर्षी १.१० लाख कोटी आणि पुढील वर्षी १.५९ लाख कोटी रुपयांचे कर्ज उभारले. मार्ग निघाला, परंतु तो पत्रव्यवहार, पत्रकार परिषदा आणि न्यायालयात जाण्याचे इशारे यांतून निघाला. असे तंटे सोडविण्याची यंत्रणा परिषदेने उभारावी, असे घटनेतच लिहिलेले असताना ही पाळी यावी, हे भूषणावह नव्हे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी संसदेवर व विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असा निर्वाळा दिला. तो खटला समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या भाड्यावरील कराचा होता. बंदराच्या व्यवहारातूनच संघराज्याच्या स्वरूपाचा प्रश्न उभा राहिला, याची नोंद येथे घेतली पाहिजे.

अशी रस्सीखेच केवळ आपल्याच देशात होते असे नाही. युरोपीय संघाचे अंदाजपत्रक दरवर्षी तीन संस्थांच्या हातांतून जाते. आयोग मसुदा करतो. सदस्य राष्ट्रांच्या सरकारांची परिषद आणि लोकांनी निवडलेली संसद त्यावर आपापली मते देतात. त्यांचे जमले नाही, तर दोन्ही बाजूंच्या सारख्याच प्रतिनिधींची समेट समिती बसते आणि तिला एकवीस दिवसांची मुदत असते. वर्ष सुरू होईपर्यंत अंदाजपत्रक मंजूर झालेच नाही, तर महिन्याला बाराव्या हिश्शाच्या मर्यादेत खर्च भागवावा लागतो. तेथेही भांडणे कडाक्याची होतात. परंतु भांडण कोठे करावयाचे आणि कधी थांबवावयाचे, हे आधीच लिहून ठेवलेले असते. आम्हांस त्यांच्यापासून घेण्याजोगी वाटते ती एवढीच गोष्ट.

येथवर वाचून कोणी मराठी वाचक म्हणेल, की बंदर आमचे, मग पैसाही आमचाच. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. न्हावा शेव्याला उतरणारे यंत्र लुधियानाच्या कारखान्यात बसते आणि त्यावरील एकात्मिक करातील राज्याचा वाटा पंजाबला जातो, हे न्याय्यच आहे. कर ज्याने माल वापरला त्याच्या खिशातून आला आहे. दार ज्याच्या अंगणात आहे तो आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा मालक होत नाही. पण मग दाराशी ज्याचे अंगण गेले त्याचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो दिल्लीइतकाच मुंबईलाही विचारावा लागतो.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदल्याच्या प्रश्नावर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील विधानसभेत बसलेले होते आणि लोकसभेतही. सभागृहाची भाषा त्यांना अवगत होती. तरीही त्यांना रस्त्यावर यावे लागले, कारण गावांची बाजू ज्या मेजावर मांडावयाची तो मेजच कोणी मांडला नव्हता. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाड्यातील कुटुंबे हनुमान कोळीवाड्यात हलविली गेली. तेथील घरे वाळवीने पोखरली आणि पुरेशा जागेची त्यांची मागणी वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. साडेबारा टक्के विकसित जमिनीची पत्रे बंदरग्रस्तांपैकी काहींच्या हाती पंतप्रधानांकडून पडली ती ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे गोळीबारानंतर तीस वर्षांनी. या तीस वर्षांत दिल्लीत आणि मुंबईत दरसाल अंदाजपत्रके मांडली गेली आणि मंजूरही झाली. एकाही वर्षी सरकारचे घड्याळ चुकले नाही. गावांचे घड्याळ मात्र कोणाच्याच भिंतीवर नव्हते.

विधिमंडळाने मनावर घेतले तर काय करता येते, याचे उदाहरण दूरचे नाही. २०१७ साली मुंबईची जकात बंद झाली, तेव्हा महापालिकांचे उत्पन्न बुडू नये म्हणून राज्याने कायदा केला आणि दरसाल आठ टक्के वाढ धरून नुकसानभरपाई देण्याचे मान्य केले. महापालिकेचा हक्क कोणा मंत्र्याच्या मर्जीवर न ठेवता तो कायद्याच्या कलमात लिहिला गेला. ग्रामपंचायतींचा प्रश्न जकातीचा नव्हता, हे खरे. परंतु मोठ्या शहराचा वाटा लिहून ठेवता येतो, तर बंदराशेजारच्या लहान गावांचा का लिहिता येऊ नये? राज्यानेही दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमून पंचायतींचा हिस्सा ठरवावा, अशी घटनेची आज्ञा आहे. जे राज्य दिल्लीत उपकरांविरुद्ध न्याय मागते त्याने उरणच्या सरपंचाला तोच न्याय देण्यास कचरू नये. अधिवेशनामागून अधिवेशनांत येणाऱ्या भल्या मोठ्या पुरवणी मागण्या घाईने मंजूर करणाऱ्या सभागृहाला वेळेची सबब सांगता येणार नाही.

आमच्या सूचना तीनच आहेत. उपकर व अधिभार यांपायी राज्यांच्या राशीतून किती रक्कम वगळली जाते, याचे स्वतंत्र विवरण केंद्राच्या प्रत्येक अंदाजपत्रकासोबत संसदेपुढे यावे आणि त्या रकमेला मर्यादा असावी. वस्तू व सेवा कराविषयीचे तंटे घटनेत सांगितलेल्या यंत्रणेपुढे, ठरलेल्या मुदतीत सुटावेत. आणि राज्य वित्त आयोगाचा अहवाल विधिमंडळात वेळेवर चर्चेला येऊन, बंदरे व प्रकल्प यांच्या शेजारच्या गावांचा वाटा कायद्यात नमूद व्हावा. यांपैकी एकीलाही नवी तिजोरी लागत नाही. लोकप्रतिनिधींनी आपले काम नीट करण्याचे मनावर घेतले, म्हणजे पुरे.

वाटाघाट हा संघराज्याचा दोष आहे, असे समजण्याचे कारण नाही. जेथे वाटाघाट नसते तेथे हुकूम असतो. आमचा आक्षेप आहे तो तिच्या मेजाभोवतीच्या रिकाम्या खुर्चीला. आज अटल सेतूवरून शिवडीहून निघालेला माणूस एकवीस किलोमीटरहून थोडे अधिक अंतर पार करून थेट उरणच्या भूमीवर उतरतो. खाडी ओलांडण्याचा प्रश्न अभियंत्यांनी सोडविला. कंटेनरमधील रुपयाला तीच खाडी उलट दिशेने ओलांडून गावापर्यंत यावयाचे आहे, आणि तो पूल बांधण्याचे काम विधिमंडळाचे आहे. शाळेतील मुलाच्या भागाकारात बाकी उरली, तर ती आम्ही पाटीच्या कडेला लिहावयास लावीत असू. न्हावा शेव्याच्या भागाकारात उरलेली बाकी म्हणजे माणसे आहेत. त्यांना कडेला लिहून हिशेब पुरा झाला, असे कोणी म्हणू नये.